चेक भाषेतील नामांची अनेकवचनी विभक्तिरूपे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चेक शिकणाऱ्या मराठी भाषकांची गाडी बहुधा एकवचनाचे तक्ते संपल्यावर अडते, आणि तिथून पुढे येणारे प्रश्न आश्चर्य वाटावे इतके सारखे असतात. ते प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एकवचनी रूपांची तोंडओळख वाचकाला आहे, असे गृहीत धरले आहे.

१. येथे चेक शब्द देवनागरीत दिले आहेत. ते कसे वाचायचे?

ज्या व्यंजनाला मात्रा नाही ते पायमोडके समजावे, त्यात 'अ' मिसळू नये. काना हा ऱ्हस्व 'आ' आहे. स्वर लांबवायचा असेल तेथे 'ऽ' हे चिन्ह दिले आहे. इकार आणि उकार मात्र नेहमीप्रमाणे ऱ्हस्व-दीर्घ आहेत. 'ख़' हा घशातून घासत येणारा ध्वनी आहे, 'झ़' हा 'श'चा घोष जोडीदार आहे आणि 'र्झ़' हा 'र' व 'झ़' एकाच वेळी उच्चारून होणारा, केवळ सरावाने साधणारा ध्वनी आहे. 'त्यि', 'द्यि', 'न्यि' येथे व्यंजन मऊ होते, आणि हा मऊपणा पुढे दहाव्या उत्तरात फार महत्त्वाचा ठरणार आहे. शब्दाच्या शेवटचे घोष व्यंजन बोलताना अघोष होते. 'ह्राद' (किल्ला) हा शब्द ऐकताना 'ह्रात' असाच ऐकू येतो. येथे मात्र लेखनाप्रमाणे 'ह्राद' ठेवले आहे.

२. चेक लोक विभक्तींना नावाने नव्हे तर क्रमांकाने ओळखतात. त्यांची 'दुसरी' म्हणजे आपली द्वितीया का?

नाही, आणि हा घोटाळा पहिल्याच आठवड्यात मिटवावा. चेकमध्ये सात विभक्त्या आहेत. त्यांची पहिली ही आपली प्रथमा, दुसरी ही आपली षष्ठी, तिसरी चतुर्थी, चौथी द्वितीया, पाचवी संबोधन, सहावी सप्तमी आणि सातवी तृतीया. आपल्या पंचमीला स्वतंत्र विभक्ती नाही. 'घरातून', 'मित्रांकडून' यांसाठी 'ज़' किंवा 'ओद' हे शब्द नामाच्या आधी ठेवून नाम दुसऱ्या विभक्तीत घालतात. या पृष्ठावर पुढे सर्वत्र चेक क्रमांकच वापरले आहेत, कारण पाठ्यपुस्तकात आणि शिक्षकांच्या तोंडी तेच असतात.

आणखी एक सापळा मराठीतूनच येतो. 'मुलांना पाहिले' आणि 'मुलांना दिले' या दोन्ही वाक्यांत आपण 'ना' हाच प्रत्यय लावतो. चेकमध्ये पाहण्याचे कर्म चौथ्या विभक्तीत जाते (द्येत्यि) आणि देण्याचे घेणारे तिसऱ्या विभक्तीत (द्येतेम). त्यामुळे मनात 'ना' आला की क्षणभर थांबून, हा पाहण्यातला 'ना' की देण्यातला, हे स्वतःला विचारावे.

३. नामांचे चौदा नमुने आणि सात विभक्त्या म्हणजे जवळजवळ शंभर रूपे. ती सगळी पाठ करायची का?

करू नयेत. शाळेतल्या तक्त्यात नमुने (ज्यांच्याप्रमाणे बाकीची नामे चालवतात ते शब्द) चौदा असले, तरी अनेकवचनात ते एकमेकांच्या फार जवळ येतात. पाचवी विभक्ती नेहमी पहिलीसारखीच असते. सभेत 'दाऽमि आ पाऽनोवेऽ' (सभ्य स्त्री-पुरुषहो) अशी हाक मारतात तेव्हा तेथे प्रथमेचेच रूप असते. चौथी विभक्तीही पहिलीसारखीच असते, अपवाद केवळ पुल्लिंगी प्राणिवाचक नामांचा. तिसरी विभक्ती नेहमी 'म'ने संपते : पुल्लिंगी आणि 'ओ'कारान्त नपुंसकलिंगी नामांना 'ऊम', 'आ'कारान्त स्त्रीलिंगी नामांना 'आऽम', इतरांना बहुधा 'ईम' आणि थोड्यांना 'एम'. सहावी नेहमी 'ख़'ने संपते : 'एख़', 'ईख़' किंवा 'आऽख़'. सातवीचा शेवट 'मि' असतो किंवा नुसता 'इ' (मोजके अपवाद प्रश्न १३ मध्ये).

म्हणजे खरे कष्ट उरतात ते दोन ठिकाणी : पुल्लिंगी प्राणिवाचक नामांची पहिली विभक्ती (प्रश्न ८) आणि सर्वच नामांची दुसरी विभक्ती (प्रश्न ५ ते ७). बाकीचे पाठांतर एका दुपारचे आहे, असे मी मनापासून सांगतो.

४. मराठीचे सामान्यरूप किंवा शाळेतले संस्कृत यांचा काही उपयोग होतो का?

होतो, पण दोहोंचा उपयोग वेगळा आहे. मराठीत 'मुले' या शब्दाचे 'मुलां-' असे सामान्यरूप होते आणि मग त्याला ना, नी, चा, त हे प्रत्यय लागतात. म्हणजे अनेकवचन आणि विभक्ती यांचे काम दोन स्वतंत्र तुकडे करतात. चेकमध्ये एकच शेवट दोन्ही कामे करतो. 'झ़ेनाऽख़' (स्त्रियांविषयी बोलताना येणारे रूप) यातील 'आऽख़'चे 'अनेकवचन' आणि 'सप्तमी' असे दोन भाग पाडता येत नाहीत.

संस्कृत मात्र थेट नात्यातले आहे. सहाव्या विभक्तीचा 'ख़' आणि संस्कृत सप्तमीच्या अनेकवचनातला 'सु' हे मुळात एकच आहेत, म्हणून 'मालासु' आणि 'झ़ेनाऽख़' शेजारी ठेवून पाहावेत. 'मालाभिः' आणि 'झ़ेनामि' यांतही तसेच नाते आहे, कारण अशा विभक्तिप्रत्ययांत संस्कृतात जेथे 'भ' दिसतो तेथे स्लाव्ह भाषांत 'म' आहे. ज्यांना 'माला' शब्द चालवता येतो, त्यांना 'झ़ेना' चालवणे परके वाटत नाही.

५. अनेकवचनातली कोणती विभक्ती सर्वांत आधी शिकावी?

दुसरी. पाठ्यपुस्तके तिला बरीच उशिरा आणतात, पण दुकानात पहिल्याच दिवशी तिची गरज पडते, कारण चेकमध्ये पाच आणि त्यापुढील संख्यांनंतर नाम दुसऱ्या विभक्तीच्या अनेकवचनात जाते. 'येद्ना कोरुना' म्हणजे एक कोरुना. दोन, तीन, चार असतील तर पहिली विभक्ती, 'द्व्ये कोरुनि'. पण पाच झाल्या की 'प्येत कोरुन', आणि शंभरही 'स्तो कोरुन'. एकवीसलाही बोलताना सर्रास 'द्वात्सेत येद्ना कोरुन' असेच म्हणतात. 'किती', 'पुष्कळ', 'थोडे' या अर्थाच्या 'कोलिक', 'ह्नोद्न्ये', 'माऽलो' या शब्दांनंतरही हेच रूप येते.

क्रियापदाकडेही लक्ष असू द्यावे. 'पाच विद्यार्थी आले' याचे चेक 'प्येत स्तुदेन्तू प्र्झ़िश्लो' असे होते, आणि त्यातले क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात असते, कारण पाच ही संख्याच जणू वाक्याचा कर्ता झालेली असते.

येथे एक सूक्ष्म अपवाद आहे आणि तो पुष्कळदा चुकतो. संपूर्ण शब्दसमूहच तिसऱ्या, सहाव्या किंवा सातव्या विभक्तीत असेल, तर संख्येची सत्ता संपते आणि नाम त्या विभक्तीचे रूप घेते. 'पाच विद्यार्थ्यांबरोबर' म्हणजे 'स प्येत्यि स्तुदेन्ति'. तेथे 'स्तुदेन्तू' चालत नाही.

६. दुसऱ्या विभक्तीत काही शब्द वाढण्याऐवजी आखूडच होतात. हे कसे?

पुल्लिंगी नामांना 'ऊ' लागतो : स्तुदेन्तू, ह्रादू, मुझ़ू, स्त्रोयू. परंतु 'आ'ने संपणाऱ्या स्त्रीलिंगी आणि 'ओ'ने संपणाऱ्या नपुंसकलिंगी नामांचा अन्त्य स्वर नुसता गळून पडतो. 'झ़ेना'चे 'झ़ेन', 'क्निहा'चे (पुस्तक) 'क्निह', 'म्न्येस्तो'चे (शहर) 'म्न्येस्त' होते. प्रत्यय नसणे हाच येथे प्रत्यय आहे.

स्वर गळाल्यावर शेवटी दोन व्यंजने एकत्र उरली आणि उच्चार अडू लागला, तर त्यांच्यामध्ये 'ए' शिरतो : 'मात्का'चे (आई) 'मातेक', 'सेस्त्रा'चे 'सेस्तेर', 'ओक्नो'चे (खिडकी) 'ओकेन', 'ह्रा'चे (खेळ) 'हेर'. पुण्याजवळ चाकणला श्कोदा कंपनीच्या गाड्या तयार होतात; त्या गाडीला चेक लोक बोलताना 'श्कोदोव्का' म्हणतात, आणि अशा पाच गाड्या म्हणजे 'प्येत श्कोदोवेक'. 'स्त' या जोडीला मात्र 'ए' नको असतो, म्हणून 'त्सेस्ता'चे (रस्ता) 'त्सेस्त'च होते. 'बान्का' (बँक) यासारख्या काही परक्या शब्दांतही तो शिरत नाही : 'प्येत बान्क'.

काही शब्दांत मुळातला दीर्घ स्वर याच रूपात ऱ्हस्व होतो : 'सीला'चे (शक्ती) 'सिल', 'क्राऽवा'चे (गाय) 'क्राव', 'होउबा'चे (अळंबी) 'हुब'. हा नियम सर्वांना लागू नाही. 'त्र्झ़ीदा'चे (वर्ग) 'त्र्झ़ीद' होताना दीर्घ 'ई' तसाच राहतो. म्हणून अशा नामाची नोंद वहीत करताना एकवचनाशेजारीच दुसऱ्या विभक्तीचे अनेकवचन लिहावे, ही माझी आग्रहाची सूचना आहे.

७. 'ए'ने संपणाऱ्या स्त्रीलिंगी नामांना 'ई' लावायची की काहीच नाही?

सर्वसाधारणपणे 'ई' : 'रूझ़े'चे 'रूझ़ी', 'झ़िद्ले'चे (खुर्ची) 'झ़िद्ली'. परंतु 'इत्से'ने संपणारी नामे शेवट गाळतात : 'उलित्से'चे (गल्ली) 'उलित्स', 'स्तानित्से'चे (स्थानक) 'स्तानित्स'. 'कोशिले' (सदरा) आणि 'ख़्वीले' (क्षण) यांचीही 'कोशिल', 'ख़्विल' अशी आखूड रूपे होतात.

व्यंजनान्त स्त्रीलिंगी नामांना दुसऱ्या विभक्तीत सरसकट 'ई'च लागते. त्यांचे दोन गट पडतात ते पुढच्या विभक्त्यांत, आणि ते नुसते पाहून ओळखता येत नाहीत. 'व्येत्स' (वस्तू) आणि 'नोत्स' (रात्र) यांचा शेवट सारखाच आहे. तरीही पहिल्याची रूपे व्येत्सेम, व्येत्सेख़, व्येत्स्मि अशी होतात आणि दुसऱ्याची नोत्सीम, नोत्सीख़, नोत्सेमि. 'ओस्त'ने संपणारी भाववाचक नामे मात्र बिनधास्त पहिल्या गटात घालावीत.

८. पुरुषवाचक नामांना पहिल्या विभक्तीत कधी 'इ', कधी 'ओवेऽ', तर कधी 'एऽ' लागते. कोणते केव्हा?

संपूर्ण अनेकवचनातला हा सर्वांत बारकाईचा भाग आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. 'इ' हा सर्वसाधारण प्रत्यय आहे आणि प्राण्यांनाही तोच लागतो : 'स्तुदेन्त्यि', 'प्सि' (कुत्रे). 'एऽ' हा मुख्यतः 'तेल' आणि 'आन' यांनी संपणाऱ्या नामांचा : 'उचितेल'चे (शिक्षक) 'उचितेलेऽ', 'ओब्चान'चे (नागरिक) 'ओब्चानेऽ'. 'इस्ता'ने संपणाऱ्या पुल्लिंगी नामांतही तोच येतो : 'तुरिस्ता'चे 'तुरिस्तेऽ'. 'ओवेऽ' हा प्रत्यय नात्याच्या आणि मानाच्या शब्दांत (ओत्त्सोवेऽ म्हणजे वडील मंडळी, सिनोवेऽ म्हणजे मुलगे), 'आ'कारान्त पुल्लिंगी नामांत (प्र्झ़ेद्सेदोवेऽ, म्हणजे अध्यक्ष), 'लोग'ने संपणाऱ्या अभ्यासकांच्या नावांत आणि आखूड राष्ट्रवाचक नामांत येतो.

या शेवटच्या गटात आपणही येतो. भारतीय माणूस म्हणजे 'इन्द', भारतीय माणसे म्हणजे 'इन्दोवेऽ'. 'इन्दियाऽन', अनेकवचनी 'इन्दियाऽन्यि', हा शब्द अमेरिकेतील मूलनिवाशांसाठी आहे. स्वतःची ओळख करून देताना ही चूक टाळावी. भारतीय स्त्री 'इन्त्का' अशी ऐकू येते, पण लेखनात मूळचा 'द'च राहतो आणि दुसऱ्या विभक्तीच्या अनेकवचनात, 'ए' मध्ये आल्यामुळे, तो ऐकूही येतो : 'इन्देक'.

काही नामांना दोन्ही रूपे मान्य आहेत : शेजारी 'सोउसेद्यि' आणि 'सोउसेदेऽ', पाहुणे 'होस्त्यि' आणि 'होस्तेऽ'. यांतले 'एऽ'चे रूप अधिक औपचारिक आहे.

९. 'क्लुक' (मुलगा) याचे अनेकवचन 'क्लुकि' न होता 'क्लुत्सि' का होते?

प्राणिवाचक पुल्लिंगी नामाच्या पहिल्या विभक्तीतला 'इ' आपल्या आधीच्या व्यंजनाला मऊ करतो. 'क'चा 'त्स' होतो, 'ह'चा 'ज़' (व्राह, म्हणजे खुनी, याचे व्राज़ि), 'ख़'चा 'श' (चेख़, म्हणजे चेक माणूस, याचे चेशि) आणि 'र'चा 'र्झ़' (दोक्तोर्झ़ि). 'त', 'द', 'न' यांचे लेखन बदलत नाही, पण उच्चार त्यि, द्यि, न्यि असा होतो. पहिले तीन बदल सहाव्या विभक्तीतल्या 'ईख़'पुढेही होतात, आणि तेथे ते अप्राणिवाचक नामांनाही लागू असतात : 'व्लाक'चे (रेल्वेगाडी) 'व्लात्सीख़', 'ब्र्झ़ेह'चे (काठ) 'ब्र्झ़ेज़ीख़'.

१०. 'स्तुदेन्त्यि' आणि 'स्तुदेन्ति' यांत नेमका काय फरक आहे?

पहिले रूप कर्त्याचे आहे, दुसरे कर्माचे. सातव्या विभक्तीचे रूपही दुसऱ्यासारखेच असते. 'विद्यार्थी पाहतात' यासाठी 'स्तुदेन्त्यि', 'विद्यार्थ्यांना पाहतो' यासाठी 'स्तुदेन्ति'. चेक लेखनात 'इ'साठी मऊ आणि कठोर अशी दोन अक्षरे आहेत, आणि त, द, न यांखेरीज इतर व्यंजनांनंतर दोहोंचा उच्चार एकच असतो. म्हणूनच भूतकाळी क्रियापदाच्या शेवटी पुरुषांसाठी मऊ आणि स्त्रियांसाठी कठोर अक्षर लिहिताना चेक मुलेही शाळेत गुण गमावतात. जे आधी रशियन शिकले आहेत त्यांनी सावध राहावे : रशियनमध्ये प्राणिवाचक कर्म अनेकवचनात षष्ठीचे रूप घेते, चेकमध्ये घेत नाही.

'मुझ़' (पुरुष) या नमुन्यात वेगळेच होते. तेथे कर्त्याचे आणि सातव्या विभक्तीचे रूप 'मुझ़ि' असे सारखे असते आणि कर्माचे 'मुझ़े' हे वेगळे.

११. शहरांची नावे अनेकवचनात का चालवतात?

कारण त्यांतली पुष्कळ नावे मुळातच अनेकवचनी आहेत. 'कार्लोवि वारि' या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी जाणे म्हणजे 'दो कार्लोवीख़ वारू' आणि तेथे असणे म्हणजे 'व कार्लोवीख़ वारेख़'. 'बुद्येयोवित्से'ला जाताना 'दो बुद्येयोवित्स' (प्रश्न ७ मधला 'इत्से'चा नियम), तेथे असताना 'व बुद्येयोवित्सीख़'. प्रागमधील 'विनोह्रादि' या भागातून येणे म्हणजे 'ज़ विनोह्राद'. सामान्यनाम म्हणून याच शब्दाला (द्राक्षमळा) 'विनोह्रादू' असा 'ऊ' लागतो, पण स्थलनामात तो गळतो.

'चेख़ि' हे देशाच्या पश्चिम भागाचे, म्हणजे बोहेमियाचे, नाव आणि 'चेशि' हे तेथील लोक यांची गल्लत तर नेहमीची आहे. बोहेमियातून 'ज़ चेख़', चेक लोकांकडून 'ओद चेख़ू'. बोहेमियात 'व चेख़ाऽख़', चेक लोकांविषयी 'ओ चेशीख़'.

सहाव्या विभक्तीत 'को'ने संपणारी लघुत्वदर्शक नपुंसकलिंगी नामे 'आऽख़' घेतात : 'म्न्येस्तेच्को'चे (लहान शहर) 'म्न्येस्तेच्काऽख़'. 'लेस' (जंगल) हे नाम 'एख़'ऐवजी बहुधा 'लेसीख़' असे चालते.

१२. पुस्तकात 'स कामाराऽदि' असते, पण प्रागमध्ये सगळे 'स कामाराऽदामा' म्हणतात. बरोबर कोणते?

लेखनात आणि परीक्षेत पहिले. प्रमाण भाषेत सातव्या विभक्तीत पुल्लिंगी आणि बहुतेक नपुंसकलिंगी नामांना 'इ' लागतो (ह्रादि, स्त्रोयि, म्न्येस्ति), तर स्त्रीलिंगी नामांना 'मि' (झ़ेनामि, रूझ़ेमि, कोस्त्मि). घराघरांत बोलल्या जाणाऱ्या सामान्य चेकमध्ये मात्र सर्व लिंगांसाठी 'मा' हा एकच शेवट रूढ झाला आहे. त्याला अशुद्ध म्हणून हिणवू नये, ती जिवंत बोली आहे. परंतु अर्ज, निबंध आणि परीक्षा यांत ती वापरू नये. 'लिद्मि' (माणसांबरोबर) आणि 'कोन्यमि' (घोड्यांबरोबर) ही दोन्ही नामे पुल्लिंगी असूनही 'मि' घेतात, आणि ती रूपे प्रमाण आहेत.

१३. मग 'ओचिमा' आणि 'रुकामा' ही रूपे प्रमाण भाषेतही 'मा'ने का संपतात?

ते जुन्या द्विवचनाचे अवशेष आहेत. संस्कृतात 'हस्ताभ्याम्' म्हणताना येणाऱ्या 'भ्याम्'चाच हा 'मा' नातलग आहे. डोळे, कान, हात आणि पाय या जोडीने असणाऱ्या अवयवांत तो टिकून राहिला : 'ओचिमा', 'उशिमा', 'रुकामा', 'नोहामा'. सोबतच्या विशेषणालाही तोच शेवट लागतो. निळ्या डोळ्यांनी म्हणजे 'मोद्रीमा ओचिमा'. हात आणि पाय यांच्या दुसऱ्या विभक्तीतही 'रुकोउ', 'नोहोउ' अशी जुनी रूपे आहेत, आणि 'हातांत' यासाठी 'व रुकोउ' असे म्हणतात.

अवयवाचा अर्थ संपला की द्विवचनही संपते. रश्श्यावर तरंगणाऱ्या तेलाच्या वर्तुळांना 'ओका' म्हणतात, 'ओचि' नव्हे. भांड्याचे कान 'उख़ा' असतात, 'उशि' नव्हे. आणि टेबलाच्या पायांची सातवी विभक्ती 'नोहामि' अशी होते.

१४. 'माणूस', 'मूल', 'वर्ष' यांची अनेकवचने ओळखूच येत नाहीत. ती कशी लक्षात ठेवावीत?

ती शब्द म्हणूनच पाठ करावीत. 'च्लोव्येक' (माणूस) याचे अनेकवचन 'लिदेऽ' आणि पुढे लिद्यी, लिदेम, लिद्यि, लिदेख़, लिद्मि. 'द्यीत्ये' (मूल) एकवचनात नपुंसकलिंगी आहे, तर 'द्येत्यि' अनेकवचनात स्त्रीलिंगी होऊन 'कोस्त'प्रमाणे (हाड; प्रश्न ७ मधल्या पहिल्या गटाचा नमुना) चालते. 'रोक' (वर्ष) चार वर्षांपर्यंत 'रोकि' राहते आणि पाचाला 'प्येत लेत' होते. 'पाच वर्षांपूर्वी' म्हणजे 'प्र्झ़ेद प्येत्यि लेति', आणि '१९१८ ते १९३८ या वर्षांत' असे पहिल्या चेकोस्लोव्हाक प्रजासत्ताकाविषयी लिहिताना 'व लेतेख़' हेच रूप येते.

१५. 'दार' हा शब्द चेकमध्ये अनेकवचनीच आहे. मग दोन दारे कशी मोजायची?

'द्वेर्झ़े' (दार), 'नोविनि' (वर्तमानपत्र), 'काल्होति' (विजार), 'वाऽनोत्से' (नाताळ) हे शब्द केवळ अनेकवचनात आहेत. त्यांच्यासाठी वेगळे संख्यावाचक शब्द आहेत : एक दार 'येद्नि द्वेर्झ़े', दोन 'द्वोये द्वेर्झ़े', तीन 'त्रोये द्वेर्झ़े', पाच 'पातेरि द्वेर्झ़े'. येथे प्रश्न ५ मधला पाचाचा नियम लागत नाही.

१६. 'नोवाऽक कुटुंब' हे अनेकवचनात कसे म्हणायचे?

'नोवाऽकोवि'. हे रूप नामासारखे दिसले तरी विशेषणासारखे चालते : त्यांच्याकडून 'ओद नोवाऽकोवीख़', त्यांना (देताना) 'नोवाऽकोवीम', त्यांच्याबरोबर 'स नोवाऽकोवीमि'. याउलट 'नोवाऽकोवेऽ' म्हणजे नोवाऽक आडनावाची अनेक माणसे, मग ती एकमेकांच्या नात्यातली असोत वा नसोत. ते साधे नाम आहे आणि 'पाऽन'प्रमाणे चालते.

१७. एखाद्या शब्दाचे रूप खात्रीने कोठे तपासावे?

चेक विज्ञान अकादमीच्या चेक भाषा संस्थेची भाषा-मार्गदर्शिका संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहे, आणि तेथे शब्द टाकला की सातही विभक्त्यांचा दोन्ही वचनांतला तक्ता समोर येतो. जेथे दोन रूपे मान्य आहेत तेथे ती दोन्ही दिलेली असतात. 'याब्ल्को' (सफरचंद) या शब्दाच्या सहाव्या विभक्तीत तुम्हाला 'याब्ल्काऽख़' आणि 'याब्ल्त्सीख़' ही दोन्ही रूपे शेजारी शेजारी दिसतील, आणि दोहोंपैकी कोणतेही लिहिले तरी चालते.